उंच बर्फाळ डोंगरावर चढाई आणि स्कीइंग: विरळ हवेचा त्रास कसा ओळखावा?

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. काश्मीरमधले गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर, आणि तिथला गोंडोला अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. मार्च-एप्रिलमध्ये जुळे सोलापुरात पारा चाळिशीकडे सरकत असताना निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत तिथे स्की बांधून उभा असू शकतो. शरीराला मात्र इतकी घाई जमत नाही.

त्रास का होतो?

हवेत ऑक्सिजन सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतो. पण उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासातून तो कमी मिळतो. ४००० मीटरवर समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ६० टक्केच. याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला काही दिवस लागतात. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजुंगा सर केले. अशा मोहिमा कित्येक आठवडे चालतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

‘रोज जिमला जातो, मला काय होणार?’ असे तरुण मुले हमखास विचारतात. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि म्हणूनच अडकतो. सिंहगडावर सराव करून पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही.

लक्षणे

वर पोहोचल्यावर साधारण ६ ते १२ तासांत डोके दुखू लागते. सोबत मळमळ, थकवा, चक्कर किंवा भूक न लागणे. उंचीवरची डोकेदुखी दुसरे कारण सापडेपर्यंत विरळ हवेचीच समजावी. त्या दिवशी आणखी वर जाऊ नये.

पुढील दोन गोष्टी जिवावर बेततात. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, गुलाबी फेसाळ कफ, ओठ निळसर होणे म्हणजे फुफ्फुसात पाणी साठत आहे. झोकांड्या जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी म्हणजे मेंदूला सूज येत आहे. शंका आली तर पावलाला पाऊल जोडून सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर लगेच खाली न्या. ‘स्कीने दहा मिनिटांत खाली येऊ’ या भरवशावर राहू नका, कारण मेंदूला सूज आली की आधी तोलच जातो. अशा रुग्णाला एकटे सोडू नये. ऑक्सिजन असेल तर द्यावा, पण त्यासाठी उतरणे लांबवू नये.

काळजी

३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध काहींना उपयोगी पडते, पण सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचे आजार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नये. हृदयविकार, दमा, सिकलसेल, तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच तपासणी करावी. इन्सुलिन गोठले तर वापरता येत नाही. ते कपड्यांच्या आत, अंगाजवळ ठेवावे. बोटे गार पडली की ऑक्सिमीटरचा आकडाही चुकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

वसंतातले ऊन फसवे असते. ताजे बर्फ अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करते, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही त्वचा भाजते. गॉगल काढून स्कीइंग केले तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. डोळे चोळू नयेत, लेन्स काढून अंधाऱ्या खोलीत थांबावे. हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. तसे न झाल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दुपारी ऊन वाढले की बर्फ ओले आणि जड होते. त्यात स्की अडकून गुडघा पिळवटतो, आणि तीव्र उतारावर हिमस्खलनाचा धोकाही वाढतो. म्हणून स्थानिक प्रशिक्षक सकाळी लवकर उतरायला सांगतात, ते ऐकावे.