कावळ्यावरील आरोपपत्र

पितृपक्षात ज्याच्यासाठी आपण पान मांडून हात जोडतो, त्याच कावळ्याला एरवी आपण दगड मारतो. आपल्या कायद्यानेही त्याच्याशी अशीच वागणूक ठेविली.

१९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत बदके, तित्तिर, मोर, बगळे होते, कावळा नव्हता. त्याला अभय नव्हते, तशी शिक्षाही नव्हती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि उंदीर व वटवाघळे यांच्या पंक्तीला कावळा पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून जाऊन बसला. त्याला मारण्यास परवाना नको, कारणही नको.

शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. मक्याचे कणीस सोलणे, भुईमूग उकरणे, कोंबडीचे पिल्लू उचलणे हे उद्योग कावळा दिवसाढवळ्या करतो. परंतु तोच किडे, अळ्या, मेलेले उंदीर आणि उकिरड्यावरची घाणही खातो. या कामाची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही.

ही घाण खाण्याची सवय पाहूनच इंग्रजी अमलात, १८९० नंतरच्या दशकात, आपला हा कावळा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांजिबारला मुद्दाम नेला गेला. पुढे तो किनाऱ्याने पसरला आणि तेथील पाखरांची अंडी-पिल्ले लुटू लागला. २०२४ मध्ये केनियाच्या सरकारने दहा लाख कावळे मारण्याची मोहीम जाहीर केली. तेथे तो उपरा आहे, देशी पाखरांचे नुकसानही खरे आहे. पण ज्याला सफाईसाठी नेले त्याची संख्या माणसाच्या कचऱ्यावर वाढली, हेही तितकेच खरे.

आम्हां कामगार चळवळीतील माणसांचा एक आग्रह असतो : आरोपपत्र आणि चौकशी यांवाचून कोणाला बडतर्फ करू नये. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, उपद्रवींची कायमची यादी रद्द झाली. आता सरकारला अधिसूचना काढावी लागते, तीही ठराविक क्षेत्रापुरती व ठराविक मुदतीपुरती. म्हणजे जातीवर कायमचा शिक्का गेला. प्रत्येक ठिकाणचे नुकसान दाखविणे आले.

मीनेकाठच्या बागायतदाराने आपले नुकसान जरूर मांडावे, पिकावर जाळी लावावी. बाजारपेठेने नासका माल उघड्यावर टाकणे थांबवावे. एवढे करूनही उपद्रव उरला, तर बंदुकीची गोष्ट काढू.