जात्याच्या दगडाची शाळा

वाचकहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी तुम्हांला सांगणार आहे तो इतिहास एका दगडाचा आहे. दगड इंग्लंडातला, पण त्याची ओळख पटायला तुम्हांला फार दूर जावे लागणार नाही. घरात जाते असेल तर नुकतीच टाकी लावलेल्या भागावरून तळहात फिरवा. कसे खरखरीत लागते? इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशर आणि यॉर्कशर या परगण्यांत, असल्याच खरखरीत दगडाचे कडे मैलच्या मैल पसरले आहेत. त्या दगडाला ग्रिटस्टोन म्हणतात. आपण त्याला भरड वालुकाश्म म्हणू.

सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी मोठमोठ्या नद्यांनी उत्तरेकडून भरड वाळू वाहून आणली आणि मुखाशी तिचे थर टाकले. ते थर दाबले गेले, कण एकमेकांना घट्ट धरून बसले आणि हा दगड तयार झाला. त्याचा उपयोग लोकांनी फार जुन्या काळी ओळखला. शेफील्डजवळ व्हार्नक्लिफ नावाचा कडा आहे. या नावाचा मूळ अर्थच ‘जात्याचा कडा’. रोमन लोक इंग्लंडात येण्याच्या आधीपासून तेथे हातजाती घडवली जात. पुढे डर्बीशरमध्ये पाणचक्क्यांसाठी आणि पवनचक्क्यांसाठी मोठाली जाती निघाली. मग तो धंदा बसला. स्टॅनेज नावाच्या कड्याच्या पायथ्याशी घडवून तयार झालेली, पण कुणी न नेलेली जाती आजही गवतात पडलेली आहेत.

आता प्रश्न असा, की जात्याच्या दगडावर माणसे चढू कधी लागली, आणि का?

नकाशात पाहा. या कड्यांच्या पश्चिमेस मँचेस्टर आहे आणि पूर्वेस शेफील्ड. मँचेस्टर हे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या चांगलेच परिचयाचे होते. आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस आगगाडीने मुंबईला जाई, तेथून बोटीने लँकेशरला, आणि कापड होऊन परत आपल्याच बाजारात येई. शेफील्ड हे पोलादाचे गाव. दोन्ही गावांत धूर, काजळी आणि दाटीवाटीच्या चाळी. आठवडाभर भट्टीपुढे किंवा मागापुढे राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळी हवा हवी असते. १८९४ साली या दोन शहरांच्या मधल्या डोंगरांतून रेल्वे सुरू झाली आणि हॅदरसेज, ईडेल अशा खेड्यांची स्टेशने थोड्या पैशांत गाठता येऊ लागली.

त्याच्या थोडे आधी, १८८५ च्या सुमारास, शेफील्डचा जेम्स पट्रेल नावाचा तरुण व्हार्नक्लिफच्या कड्यावर चढण्याचा सराव करू लागला होता. ग्रिटस्टोनवरच्या चढाईचा आरंभ त्याच्यापासून मानतात. त्या काळी गिर्यारोहण म्हणजे आल्प्स पर्वतात जाणे, आणि आल्प्सला जाणे म्हणजे हाताशी पैसा आणि सवड असणे. गावाशेजारच्या ५०-६० फुटांच्या कड्यावर चढणे हा कित्येकांना पोरखेळ वाटे. पण त्या पोरखेळाला तिकीट लागत नव्हते, वाटाड्या लागत नव्हता.

तिकीट लागत नव्हते, परंतु परवानगी लागत होती! आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. हे उंच माळ जमीनदारांच्या मालकीचे. तेथे ग्राउस नावाचे, आपल्या तित्तिरासारखे पक्षी शिकारीसाठी राखलेले असत. राखणदार काठ्या घेऊन फिरत आणि येणाऱ्याला हाकलून देत. स्टॅनेजच्या माथ्यावर गेलात तर खडकात कोरलेल्या लहान लहान कुंड्या दिसतील. प्रत्येकीवर क्रमांक घातलेला आहे. पावसाचे पाणी साठून पक्ष्यांना प्यायला मिळावे म्हणून त्या कोरल्या. पक्ष्याच्या तहानेची एवढी काळजी, आणि माणसाला मात्र पाऊल टाकायची बंदी! अर्थात त्या पक्ष्यालाही पाणी पाजायचे ते पुढे गोळी घालण्यासाठीच.

२४ एप्रिल १९३२, रविवार. हेफील्ड गावाजवळ सुमारे ४०० माणसे जमली. बहुतेक मँचेस्टरकडची कामगार तरुण मंडळी. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. हे सगळे उघडपणे, दिवसाढवळ्या, बंदी मोडून किंडर स्काउट या डोंगराकडे चढून गेले. हा डोंगरही ग्रिटस्टोनचाच. वाटेत राखणदारांशी झटापट झाली. सहा जणांना पकडले, खटला चालला आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. दोनच वर्षे आधी आपल्याकडे दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला होता आणि जागोजाग जंगल सत्याग्रह झाले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. दोन्हींची तुलना मी करणार नाही. तो स्वातंत्र्याचा लढा होता, हा रविवारच्या फिरण्याचा. पण आपल्या पायाखालची जमीन कुणाची, हा प्रश्न दोन्हीकडे होता.

इतिहासाच्या शिक्षकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. एका रविवारच्या मोर्चाने कायदा बदलला असे मुलांना सांगू नये. पायी फिरणाऱ्यांच्या जुन्या संस्थांना हा मार्ग पसंत नव्हता. त्या अनेक वर्षे अर्ज-विनंत्या करीत आल्या होत्या. परंतु त्या शिक्षांनी लोकमत खवळले, हे खरे. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्याचे बोधचिन्ह कोणते? जाते! सर्व माळांवर पायी फिरण्याचा हक्क कायद्यात यायला मात्र २००० साल उजाडावे लागले.

आता चढाईकडे वळू. ग्रिटस्टोनवर हाताने धरायला खोबणी थोड्या. बुटाचा तळ दगडाला चिकटून राहतो तो खरखरीतपणामुळे. उभ्या फटी मात्र पुष्कळ. फटीत हात घालायचा, अंगठा तळव्याकडे दुमडायचा. हात फुगतो आणि पाचरीसारखा अडकतो. त्यावर सगळे अंग तोलायचे. हाताची सालटी निघतात, पण पकड सुटत नाही. तेथला रिवाज असा, की या दगडात लोखंडी मेखा ठोकायच्या नाहीत. संरक्षणासाठी फटीत दगड अडकवून त्याला दोर बांधीत. नंतर कामगारांनी यंत्राचे नट दोरीत ओवून तेच काम घेतले. आणि नुसत्या मोठ्या धोंड्यांवर, दोराशिवाय, जमिनीपासून थोड्याच उंचीवर अवघड चाली बसवायच्या, याला बोल्डरिंग म्हणतात. आपल्याकडे तालमीत पैलवान एकच डाव पुनःपुन्हा घोटतो, तसेच हे.

या तालमीत स्त्रियाही मागे नव्हत्या. एमिली केली ही मँचेस्टरकडची बाई ग्रिटस्टोनवर एकटीने, दोराशिवाय चढे. तिच्याच पुढाकाराने १९२१ साली केवळ स्त्रियांचा पिनॅकल क्लब स्थापन झाला.

याच तालमीतला सर्वांत नावाजलेला गडी म्हणजे जो ब्राउन. जन्म १९३० चा, मँचेस्टरच्या गरीब वस्तीतला. हा तान्हा असतानाच वडील गेले; घरात सात भावंडे, त्यांत हा शेंडेफळ. शिकला प्लंबरचे काम. चढाईला लागला तेव्हा दोर कोणता, तर आईने टाकून दिलेली, कपडे वाळत घालायची दोरी! १९४९ साली, एकोणिसाव्या वर्षाच्या आत, त्याने स्टॅनेजवरची ‘उजवी अजिंक्य’ ही पुढे झुकलेली फट सर केली. नाव अजिंक्य, पण राहिली नाही.

सहा वर्षांनी, १९५५ साली, चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या कांचनगंगा मोहिमेत हा प्लंबर होता. जगातले तिसरे उंच शिखर, ८,५८६ मीटर, तोवर कुणी न चढलेले. २५ मे रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन माथ्याजवळ पोचले तेव्हा समोर सुमारे २० फुटांची खडकाची भिंत उभी, आणि तिच्यात फट! अशा फटींवर ब्राउनने पोरवयापासून हात सोलून घेतले होते. पाठीवर प्राणवायूची नळकांडी घेऊन तो त्या फटीतून वर चढला. शिखर काही पावलांवर उरले होते. तेथे दोघे थांबले. सिक्कीमचे लोक या पर्वताला देव मानतात; माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द मोहिमेने दिला होता. तो त्यांनी पाळला. दुसऱ्या दिवशी गेलेल्या दोघांनीही पाळला. ब्राउन २०२० साली वारला.

जगातल्या तिसऱ्या शिखराची शेवटची भिंत ज्या हाताने चढली, तो हात मँचेस्टरबाहेरच्या बुटक्या कड्यांवर तयार झाला होता. आणि त्या कड्यांपर्यंत त्याला जाता आले, कारण त्याच्याआधीच्या पिढीने राखणदारांच्या काठ्या आणि तुरुंग सोसला होता.

शिक्षक मित्रहो, आपला सह्याद्रीचा काळा दगड वेगळा. तो लाव्हारसाचा, कोठे पोलादासारखा पक्का, तर कोठे हात लावताच निसटणारा. तेव्हा जाणत्या माणसाशिवाय मुलांना त्यावर चढवू नका. पण आपल्या शिवेवरच्या कड्याची चौकशी त्यांच्याकडून जरूर करवून घ्या. त्याचा दगड कुठल्या जातीचा? पाथरवटांनी त्यातून काय काय घडवले? तेथे जायला पूर्वी कुणाला मुभा होती, कुणाला बंदी? गावातली म्हातारी माणसे सांगतील ते वहीत उतरवायला लावा. इतिहासाचा तो तास मुले विसरणार नाहीत.