पटकी अन् वारी : कोप कुणाचा, कारण कशात



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. या अंकात कुणी विणेकऱ्यांवर लिहील, कुणी अन्नदात्यांवर. मला पटकीवर लिहायचं आहे. कुणी म्हणेल, शताब्दीच्या अंकात हे अभद्र कशाला? तर माऊली, १९२५ साली आपली दिंडी निघाली तेव्हा वारीला गेलेला माणूस घरी परत येईलच असा भरवसा नसायचा. बायाबापड्या ओवाळताना डोळ्याला पदर लावायच्या, त्याचं एक कारण पटकी होतं. आज ती भीती राहिली नाही. ती आपोआप गेली नाही, म्हणून कशी गेली ते नव्या पोरांना कळावं. माहिती वाचनालयातल्या पुस्तकांतून अन् आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना विचारून टिपली आहे. शिक्षण चौथीचं, भाषा सांभाळून घ्यावी.

पटकी म्हणजे कॉलरा. १८१७ साली बंगालात मोठी साथ उठली अन् १८१८ ला ती दख्खनमध्ये आली. पेशवाई बुडत होती, फौजा हिंडत होत्या, फौजेबरोबर रोगही हिंडला. सकाळी मोट हाकणारा गडी जुलाब-उलट्या लागून सांजेला खलास व्हायचा. इतकं झटकन मरण आल्यावर माणूस म्हणणारच, हा कुणाचा तरी कोप आहे.

मग गावं काय करायची? मरीआईचा गाडा करायचा, कोंबडं-बकरं कापायचं अन् वाजतगाजत गाडा शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. त्या गावानं तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. आता साथीचा स्वभाव असा, की काही आठवडे थैमान घालून ती बहुतेक ओसरतेच. ओसरली की लोक म्हणत, गाडा लावला म्हणून गेली. कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण मान कावळ्याला मिळाला. देवीला मी बोल लावत नाही. आपण आपला रोग शेजाऱ्याच्या दारात सोडून येत होतो, हा विचार मात्र केला पाहिजे.

वारीत पटकी का यायची? आषाढ म्हणजे पावसाळा. लाखभर माणसं वाळवंटात उतरायची, तिथंच परसाकडे, तिथंच अंघोळ, अन् नदीचं किंवा वाळूतल्या झिऱ्याचं पाणी प्यायला. पहिल्या पावसानं काठावरची सगळी घाण पाण्यात यायची. रोगाचं बी पाण्यातून पोटात जायचं. ते उगवायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत वेळ लागतो. म्हणजे पाणी प्यायलं पंढरपुरात अन् माणूस पडला परतीच्या वाटेवर, नाही तर घरी. १९०६ ला बार्शी लाईनची छोटी गाडी पंढरपूरपर्यंत आली, मग तर वारकरी एक-दोन दिवसांत लांबच्या गावी पोचू लागला, अन् त्याच्याबरोबर पटकीही. कारण एका जागी अन् परिणाम पन्नास कोसांवर, मग सामान्य माणसाला दोन्हींची गाठ कशी दिसावी?

ही गाठ पहिल्यांदा लंडन शहरात नीट सुटली. १८५४ साली जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं साथीच्या वस्तीत घरोघर जाऊन विचारलं, तुम्ही पाणी कुठलं पिता? बहुतेक मेलेले एकाच पंपाचं पाणी पीत होते. जवळच्या दारूच्या भट्टीतले कामगार मात्र वाचले. यावर कुणी म्हणेल, बघा, दारूनं पटकी जाते! अहो, ते त्या पंपाचं पाणीच पीत नव्हते, म्हणून वाचले. शेजारीशेजारी दिसलेल्या दोन गोष्टींतली कारण कुठली अन् सोबती कुठली, हे निवडावं लागतं. पुढं १८८४ ला कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरला कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचे जंतू सापडले. त्याच तळ्यात लोक धुणं धूत, अंघोळ करीत अन् तेच पाणी पीत. वाळवंटात आपलं वेगळं काय चाललं होतं?

कारण कळलं नाही की माणूस दोषी शोधतो. गावात कुणा विधवेला चेटकीण ठरवायचं. गावकुसाबाहेरच्या वस्तीत आधी माणसं पडली की म्हणायचं, रोग यांनीच आणला. त्यांना चांगल्या विहिरीला शिवू द्यायचं नाही अन् गढूळ पाणी पिऊन ते आजारी पडले की दोषही त्यांनाच, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. त्यानंतर तळं शुद्ध करायचं म्हणून लोकांनी त्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. माणसाच्या हातानं पाणी बाटलं अन् शेणानं शुद्ध झालं! पाण्याला खरी बाधा कशाची, हे मनातल्या विटाळापुढं दिसेना.

सरकारनंही बोट वारकऱ्याकडेच दाखवलं. यात्रेकरूकडून कर घ्यायचा अन् साथ आली की म्हणायचं, ही यात्राच रोगाचं घर आहे. रोगाचं घर घाणेरडं पाणी होतं, भक्ती नव्हे.

रोग्याचे हाल तर विचारू नका. पाणी दिलं की उलटी होते, म्हणून पाणी तोडायचं. जीभ कोरडी पडून माणूस पाणी पाणी करत जायचा. खरं तर अंगातलं पाणी अन् मीठ निघून गेल्यानंच तो मरायचा. १९७१ ला बांगलादेशच्या लढाईत निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ती तीन-चारवर आली.

आपल्यातही कारण ओळखणारे होते. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घ्यायचे. दिवसा गाव झाडायचं अन् रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला कचरा काढायचा. तिकडं हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं १८९३ ला हिंदुस्थानात येऊन पटकीची लस टोचायला सुरुवात केली. मुंबईत परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ ला, आपली दिंडी निघाली त्याच साली. पुढं वारीला टोचून घ्यायची सक्ती झाली. सुई चुकवायला लोक आडवाटेनं जात, असं म्हातारी माणसं सांगायची. मग विहिरीत औषध पडू लागलं, नळ आले, टँकर आले, अन् पटकी हटली.

तरी स्वभाव लवकर जात नाही. २०२० ला कोरोना आला तेव्हा गावोगाव रस्त्यावर काटे टाकले अन् मुंबईहून आलेल्या आपल्याच लेकरांकडे लोक वैऱ्यासारखे बघू लागले. पण त्याच साली पादुका एसटीनं पंढरीला गेल्या अन् वारकऱ्यानं घरीच टाळ धरला. त्यानं भक्ती कमी झाली नाही. रोग गर्दीतून पसरतो हे समजून घेतलेलं होतं.

संतांनी आपल्याला कर्म अन् फळ शिकवलं. शेतकऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही, पेरावं तसं उगवतं. पण दुसऱ्याचं दुःख दिसलं की, 'त्याचं कर्म', असं म्हणून आपण मोकळे होतो. तिथं थांबून विचारावं, हा पाणी कुठलं प्यायला? त्याला चांगलं पाणी कुणी नाकारलं?

म्हणून पुढच्या शंभर वर्षांच्या दिंडीला एवढंच सांगणं. टँकरमध्ये टीसीएल टाकल्याशिवाय घोटभर पाणी वाटू नका. फिरती शौचालयं उभी असताना कुणाच्या उसात बसू नका, त्या शेताखालच्या विहिरीचं पाणी कुणी तरी पीत असतं. अन् चालता चालता कुणी आजारी पडला तर कोप कुणाचा हे विचारू नका, आधी मीठ-साखरेचं पाणी पाजा.

रामकृष्णहरी.