तळ्यावरची बदके आणि तळ्यातली माणसे

माहूर क्षेत्री येणारा भाविक रेणुकामातेचे दर्शन घेतो, मातृतीर्थाचे पाणी मस्तकी लावतो आणि परत फिरतो. आम्हां भोई समाजाच्या लोकांची दृष्टी मात्र पाणी दिसले की पाण्यावरच खिळते. या तळ्यात शिंगाडा लागेल काय, मासळी कोठे बसली असेल, दिवाळीनंतर कोणते पाखरू उतरेल, हे प्रश्न आपल्या मनात आपोआप उभे राहतात. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांतील शेवटचा विषय घेतला आहे. रानबदकांना तळ्यावर बोलावून त्यांची शिकार करण्याची एक जुनी विद्या होती. ती आज कायद्याने बंद आहे, व ते योग्यच झाले. परंतु ती कोणाच्या ज्ञानावर उभी होती हे आपल्या मुलाबाळांस ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

रानबदकांत हळदीकुंकू बदक व अडई ही इथलीच. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, लालसरी, चक्रवाक हे हिवाळी पाहुणे. ते मध्य आशिया, सैबेरिया अशा दूरच्या मुलुखांतून दिवाळीच्या सुमारास येतात व होळीच्या सुमारास परततात. त्यांना बोलावणे म्हणजे काठावर दाणे फेकणे, असा पुष्कळांचा समज असतो. दाण्याने बदक येते हे खरे, पण केवळ दाण्याने ते टिकत नाही. तलवार बदक व चक्रांग सहसा बुडी मारीत नाहीत. शेपटी वर व मान खाली करून ते तळाचे बी, पाला व किडे टिपतात. त्यांना हात-दीड हात पाणीच सोयीचे. लालसरी बुडी मारणारी, तिला थोडे खोल पाणी चालते. म्हणजे उथळ काठ, पाण्यातील वनस्पती आणि निवांतपणा या तीन गोष्टी जेथे एकत्र मिळतील, तेथेच बदकांचा मुक्काम पडतो. हे ज्ञान पुस्तकात येण्यापूर्वी तळे राखणाऱ्यांच्या अंगी होते.

१९५६ च्या प्रांतरचनेपूर्वी आमचा हा किनवट-माहूरचा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. निजामी अमदानीतील हकिकती आमचे आजोबा सांगत. कोणी अंमलदार शिकारीस येणार असला की आठ-दहा दिवस आधी निरोप येई. तेव्हापासून कोणी तराफा पाण्यात घालावयाचा नाही, जाळे टाकावयाचे नाही, काठावर धुणे धुवावयाचे नाही. ऐन शिंगाडे काढण्याच्या दिवसांत हात बांधून बसावे लागे. उथळ कोपऱ्यात ज्वारी व भात विखुरावयाचे, पाळीव बदके पायाला दोरी बांधून पाण्यावर सोडावयाची, पळसाच्या डहाळ्यांचा आडोसा उभारावयाचा, ही सारी कामे आपल्याच लोकांची. बार झाल्यावर थंड पाण्यात उतरून पडलेली पाखरे गोळा करण्याचे कामही आपलेच. आजोबा म्हणत, "साहेब एका सकाळी शिकार करी, पण बदके आम्ही दहा दिवस जमवीत असू."

बंदुकीवाचून बदक धरण्याची रीत तर याहून नवलाची. रिकामी मडकी काही दिवस पाण्यावर तरंगत सोडून द्यावयाची. आरंभी बदके बुजतात, पुढे सरावतात. मग एके दिवशी डोळ्यांपुरती भोके पाडलेले मडके डोक्यावर पालथे घालून माणूस गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू सरकत जाई आणि खालून पाय धरून बदक अलगद ओढून घेई. ही रीत हिंदुस्थानात अनेक ठिकाणी होती. तिच्यात दारूगोळा नाही. तिच्यात आहे तो पाण्याचा व पाखराच्या स्वभावाचा अभ्यास.

या विद्येचा देशातील सर्वांत मोठा प्रयोग भरतपूर संस्थानात झाला. भरतपूर आपणां मराठी माणसांस परके नाही. १७६१ साली पानिपतावरून होरपळून निघालेल्या मराठ्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला, ते हेच राज्य. तेथील केवलादेव मंदिराभोवतीच्या सखल जमिनीत अजान बांधाचे पाणी कालव्यांनी व दारांनी खेळवून राजांनी मुद्दाम उथळ तळी केली. मधून बांध घातले, झाडे लावली. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या सन्मानार्थ तेथे पहिली मोठी शिकार झाली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. मंदिराजवळच्या शिळेवर या शिकारींच्या तारखा, पाहुण्यांची नावे, बंदुकांची व पाखरांची संख्या कोरलेली आहे. अखेरच्या नोंदींत जनरल जयंतनाथ चौधरी यांचे नाव आहे. १९४८ च्या पोलिस कारवाईचे सेनानी म्हणून मराठवाडा त्यांस ओळखतो.

वाचकहो, त्या शिळेवर एक संख्या मात्र नाही. पाणी खेळविणारे, पाखरे उठविणारे, पडलेली गोळा करणारे किती होते, ते कोरलेले नाही. पालखीत कोण बसले हे इतिहास सांगतो, खांदा कोणाचा होता हे सांगत नाही. आपणां भोयांस याचा अनुभव नवा नाही.

पुढे काळ पालटला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही संपली. भरतपूरचे शिकारतळे राष्ट्रीय उद्यान झाले व १९८५ साली जागतिक वारसा ठरले. ज्या पाण्याने बदके मारण्यासाठी जमविली, त्याच पाण्याने ती राखली. पाखरांच्या पायांत कडी अडकवून त्यांचा प्रवास शोधण्याचे काम डॉ. सलीम अली व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी चालविले, तेव्हा पाखरू इजा न होता धरण्यासाठी बिहारचे परंपरागत पक्षीपकडे, मीरशिकार, हेच कामी आले.

परंतु तेथे एक चूकही झाली. १९८२ साली उद्यानातील गुरांची चराई एकाएकी बंद केली गेली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. आणि पुढे सोसायटीच्याच अभ्यासात आढळले की म्हशी चरेनाशा झाल्यावर गवत माजून उघडे पाणी झाकले गेले व पाणपाखरांची अडचण झाली. काठच्या माणसास आधी विचारले असते, तर हे त्याने सांगितले नसते काय?

आपल्या मराठवाड्यात पैठणच्या नाथसागरावर १९८६ साली पक्षी अभयारण्य झाले. पाणी विस्तीर्ण व पुष्कळसे उथळ, म्हणून हिवाळ्यात तेथे बदके उतरतात. परंतु गावोगावची लहान तळी आज गाळाने व कचऱ्याने भरत आहेत. कोठे काठ यंत्राने उभे कापून तळे सारखेच खोल करतात. अशा तळ्यास पाणी राहते, पण बदकास टेकावयास जागा राहत नाही.

म्हणून समाजबांधवांस आमच्या दोन विनंत्या आहेत. ज्यांच्याकडे तळ्याचा ठेका आहे त्यांनी एक उथळ कोपरा दिवाळीपासून होळीपर्यंत जाळे न टाकता निवांत ठेवावा. आपल्या आजोबांनी हेच साहेबासाठी नाइलाजाने केले. आपण ते पाखरांसाठी राजीखुशीने करावे. दुसरे, घरातील वडीलधाऱ्यांना पाण्यातील वनस्पती, मासळी व पाखरे यांची जी नावे व लक्षणे ठाऊक आहेत, ती तरुणांनी आजच वहीत उतरून घ्यावीत. आमच्या आजोबांचे पुष्कळसे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले. आम्ही जन्मभर मुलांना लिहावयास शिकविले, पण त्यांच्यापाशी वही घेऊन बसलो नाही, याची खंत आहे.

शिळेवर आपली नावे कोणी कोरली नाहीत. निदान या स्मरणिकेच्या पानांवर तरी आपण आपले ज्ञान लिहून ठेवू. रेणुकामाता सर्वांस सुखी ठेवो. इत्यलम्.