सीमेपलीकडची नोकरी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क

लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात नोकरी करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक तेथे राहत नाहीत. फ्रान्स, बेल्जियम व जर्मनी या शेजारी देशांतून ते सकाळी येतात आणि सायंकाळी घरी परततात. आयुष्यभरात दोन-तीन देशांत काम केलेल्या अशा कामगाराला उतारवयात निवृत्तिवेतन कोणी द्यायचे, हा युरोपातील जुना प्रश्न आहे.

निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी जर्मनीत किमान ५, लक्झेंबर्गमध्ये १० आणि स्पेनमध्ये १५ वर्षांचा विमा कालावधी लागतो. साहजिकच थोडी थोडी वर्षे अनेक देशांत काढणाऱ्याची वर्गणी वाया जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी युरोपीय आर्थिक समुदायाने १९५८ मध्येच नियमावली केली. २००४ मध्ये संमत झालेली सध्याची नियमावली १ मे २०१० पासून लागू आहे. युरोपीय महासंघाच्या २७ सदस्य देशांखेरीज स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनस्टाइन येथेही ती पाळली जाते.

या नियमांनुसार कामगाराला एका वेळी एकाच देशाचा कायदा लागू होतो आणि तो सर्वसाधारणपणे कामाच्या ठिकाणचा असतो. हक्क ठरवताना सर्व देशांतील कालावधी एकत्र मोजला जातो. रक्कम मात्र प्रत्येक देश आपल्या वाट्यापुरती देतो. समजा, एखाद्याने जर्मनीत ३, लक्झेंबर्गमध्ये ९ आणि बेल्जियममध्ये १८ वर्षे काम केले. पहिल्या दोन देशांची किमान अट तो स्वतंत्रपणे पूर्ण करत नाही. पण एकूण ३० वर्षांमुळे दोन्हीकडे पात्र ठरतो. ही ३० वर्षे आपल्याकडेच झाली असती तर किती रक्कम झाली असती, हे काढून जर्मनी त्याचा एक दशांश आणि लक्झेंबर्ग तीन दशांश भाग देतो. एक वर्षाहून कमी काम झालेला देश सहसा वेगळे निवृत्तिवेतन देत नाही. तो काळ इतर देश हिशेबात धरतात.

अर्ज राहत्या देशात एकदाच करावा लागतो. तेथे कधीच विमा नसल्यास तो शेवटच्या नोकरीच्या देशाकडे जातो. निवृत्तीचे वय मात्र प्रत्येक देशाचे निराळे असते. लक्झेंबर्गमध्ये ते ६५ आहे, तर जर्मनीत १९६४ वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ६७. त्यामुळे निवृत्तिवेतन एकदम न येता हप्त्याहप्त्याने सुरू होऊ शकते.

महासंघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या आणि एका सदस्य देशातून दुसऱ्यात गेलेल्या भारतीयांनाही, डेन्मार्क वगळता, २०११ पासून हे नियम लागू आहेत. जर्मनीतून नेदरलँड्समध्ये नोकरीस गेलेल्या पुण्याच्या अभियंत्याची आधीची वर्षे म्हणूनच हिशेबात राहतात. मायदेशी परतणाऱ्यांसाठी भारताचे स्वतंत्र द्विपक्षीय करार आहेत. त्यांपैकी बेल्जियमबरोबरचा करार २००९ मध्ये सर्वप्रथम अमलात आला. या साऱ्या व्यवस्थेचा आधार कागदोपत्री नोंद हाच असल्याने, प्रत्येक देशातील विमा क्रमांक व वेतनपत्रके निवृत्तीपर्यंत जपून ठेवणे इष्ट ठरते.