मंजूर निधी आणि आलेली गाडी : हिवरखेडच्या रुळाची दीडशे वर्षं

मित्रांनो, आज थोडं लांब लिहितोय. चहा घेऊन वाचा, पण वाचा.

आपल्या भागात ‘निधी मंजूर’ ही बातमी जवळपास दर आठवड्याला असते. प्रेसनोट येते, फोटो येतो, बॅनर लागतं. मग चौकात कोणीतरी विचारतोच, “निधी येऊन रायला म्हने, पन कवा?” हा प्रश्न मस्करीचा वाटतो, पण आपल्या वऱ्हाडच्या विकासाचा सगळा इतिहास याच ‘कवा’मध्ये आहे. पैसा कोणाचा, कोणासाठी, कोणत्या वाटेनं आला आणि कुठं अडकला, हे समजून घ्यायचं असेल तर आपल्या गावाजवळून जाणाऱ्या रेल्वेलाइनइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

सुरुवात १८५३ पासून. त्या वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, आणि मे महिन्यात निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाची बाकी थकली होती, तिच्यापोटी हा मुलूख गेला. म्हणजे वऱ्हाडची सत्ता बदलली तीच मुळात एका उधारीच्या हिशेबातून! आणि इंग्रजांना वऱ्हाडात काय दिसलं? कापूस.

मग जी.आय.पी. रेल्वे आली. भुसावळहून मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये लाइन नागपूरला पोचली. हा पैसा लंडनच्या भागधारकांचा होता, पण धोका त्यांचा नव्हता. १८४९ च्या करारातच ५ टक्के व्याजाची हमी होती. कंपनीला तेवढा नफा झाला नाही तर तूट सरकार भरणार, म्हणजे शेतसारा भरणारा आपला कास्तकार भरणार. नफा तिकडं, तोटा इकडं. आज ज्याला ‘सरकारी-खासगी भागीदारी’ म्हणतात, त्यातली ही मेख तेव्हापासूनची आहे.

पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या सरकारला पैसा कुठं लावायचा हे पक्कं माहीत होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. खामगाव आणि अमरावती ही कापसाची मोठी पेठ, पण दोन्ही मुख्य लाइनपासून बाजूला. तर १८७० मध्ये जलंब-खामगाव आणि १८७१ मध्ये बडनेरा-अमरावती असे दोन छोटे फाटे सरकारनं टाकून दिले. मुख्य लाइन पूर्ण झाल्यावर चार वर्षांच्या आत! हेतू स्वार्थी होता, पण काम वेळेत झालं.

आपलं काय? नकाशा काढून बघा. ती मुख्य लाइन पूर्णा नदीच्या दक्षिणेला आहे. अकोट, तेल्हारा, हिवरखेड हा पट्टा पूर्णेच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. जमीन काळीभोर, कापूस उत्तम, पण बैलगाडीनं नदी ओलांडल्याशिवाय रेल्वे नाही. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडं ‘शकुंतला’ सुरू झाली. ती किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थेतली. तीही आपल्याला बगल देऊन गेली.

याच काळातलं एक वेगळं उदाहरण आपल्या उत्तरेला आहे. इंदूरच्या तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये खांडवा-इंदूर लाइनसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं. मुदत १०१ वर्षं, व्याज साडेचार टक्के. संस्थानातली जमीनही फुकट दिली. एका मराठी राजानं ओळखलं होतं, की आपल्या गावात रेल्वे यायची असेल तर नुसती अर्जी करून भागत नाही, टेबलावर काहीतरी ठेवावं लागतं. नर्मदा ओलांडून, घाट चढून ती लाइन इंदूरला गेली.

खांडव्यापर्यंत आलेला हा मीटरगेजचा धागा दक्षिणेकडच्या मीटरगेजला जोडायचं काम मात्र स्वातंत्र्यानंतरच्या सरकारनं केलं. निजामाच्या रेल्वेनं पूर्णा जंक्शनहून (परभणीकडचं, आपली नदी नव्हे) हिंगोलीपर्यंत लाइन आणून ठेवली होती. मधला तुकडा रिकामा होता. खांडवा-अकोला-हिंगोली ही जोडणी नव्या भारताच्या पैशातून झाली आणि वान रोड, हिवरखेड, अडगाव, अकोट ही नावं रेल्वेच्या वेळापत्रकात आली. सातपुडा चढायला धुळघाटला असं वळण काढलं, की लाइन स्वतःवरूनच पूल टाकून जाते. आगगाडीचे शौकीन ते बघायला लांबून यायचे.

या लाइनमागं कोणत्याही परदेशी भागधारकाची हमी नव्हती. मँचेस्टरचा कापूस नव्हता. तरी जयपूरहून सिकंदराबादकडं जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळावरून गेली. ओंकारेश्वरची परिक्रमा, उज्जैनचा कुंभ, अजमेरचा उरूस, इंदूरचं मार्केट, सगळं एका तिकिटावर. आणि धुळघाट, डाबका या बाजूच्या कोरकू आदिवासींना दवाखान्याला, बाजाराला अकोटला यायला तीच गाडी. हा खरा सार्वजनिक पैसा. पहिल्या दिवसापासून नफा दाखव, असं त्याला कोणी म्हणालं नाही.

आता दुसरा धागा. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. विदर्भानं महाराष्ट्रात यावं, बदल्यात निधी, नोकऱ्या, शिक्षण यात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, असं ठरलं. १९५६ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद आली. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. अडतीस वर्षांनी! मधल्या काळात वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीनं १९८४ मध्ये हिशेब मांडला. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी, त्यातला विदर्भाचा १,२४६ कोटी, म्हणजे ३९ टक्के. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी अशा नऊ गोष्टी मोजल्या होत्या.

‘अनुशेष’ हा शब्द आपल्या तोंडी बसला तो इथून. पण त्याच्या दोन मर्यादा कोणी सांगत नाही.

पहिली. मोजमाप जिल्ह्याच्या सरासरीनं झालं. अकोला शहर आणि सातपुड्याच्या पायथ्याचं खेडं एकाच सरासरीत. विजय केळकर समितीनं २०१३ मध्ये सांगितलं, की तालुका हा घटक धरा. अहवाल पुढच्या वर्षी विधिमंडळात मांडला गेला. त्या चर्चेत खूप वेळ विदर्भाला जास्त की मराठवाड्याला जास्त यातच गेला. तेल्हारा तालुक्याला काय, हा प्रश्न राहूनच गेला.

दुसरी. राज्याचा अनुशेष मोजताना रेल्वे मोजली जाणार नव्हतीच, कारण ती केंद्राची. म्हणजे आपल्या भागाचं सगळ्यात मोठं दुखणं अनुशेषाच्या वहीत कधी लिहिलंच गेलं नाही.

सिंचनाचं तर आणखी अवघड. राज्यपालांच्या निर्देशांनी पैसा वळला, आर्थिक अनुशेष कागदावर संपला असं जाहीर झालं. पण अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांत ‘भौतिक अनुशेष’ राहिलाच. सोप्या भाषेत, रुपये खर्च झाले, पण पाणी वावरात पोचलं नाही. आपल्याजवळ वान धरण आहे म्हणून आपण त्यातल्या त्यात नशीबवान. पण त्याच पाण्यावर खारपाणपट्ट्यातल्या गावांची तहानही आहे आणि कालव्याची वाट बघणारा कास्तकारही. दोघंही खरे आहेत. धरण एक, मागणारे दहा, अशी वेळ येते तेव्हा समजायचं, की बाकीची नऊ कामं कुठंतरी फायलीत पडली आहेत.

परत रुळाकडं येऊ. देशभर मीटरगेजचं ब्रॉडगेज करायचं ठरलं. अकोला-पूर्णा २००८ मध्ये झालं. रतलाम-महू-खांडवा-अकोला या ४७२ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली. आनंदीआनंद. मग १ जानेवारी २०१७ पासून आपल्याकडची छोटी गाडी बंद झाली. मोठी गाडी येणार म्हणून छोटी बंद करणं समजू शकतो. पण मोठी येईपर्यंत लोकांनी कसं जायचं, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो.

अकोला-अकोट हे जेमतेम ४४ किलोमीटर. २०२० मध्ये रूळ तयार झाला, तपासणी झाली. गाडी सुटली नोव्हेंबर २०२२ मध्ये. ती तरी कशी सुटली? त्याच ऑक्टोबरमध्ये गांधीग्रामचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल खचला, अकोट-अकोला रस्ता बंद पडला, लोकांचे हाल सुरू झाले. महिनाभरात गाडी धावली! दोन वर्षं जो रूळ वाट पाहत होता, त्याच्यासाठी एक पूल मोडावा लागला. इथं अडचण निधीची नव्हतीच. निधी खर्च होऊन गेला होता. अडलं होतं ते कोणालाच घाई नसण्यापाशी.

आणि अकोटच्या पुढं? पुढं मेळघाट. १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक. जुनी लाइन त्याच्या पोटातून जाते. ब्रॉडगेज म्हणजे जास्त गाड्या, जास्त वेग. वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२१ मध्ये त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनीही रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून पर्यायी मार्ग मागितला. शेवटी जंगलाला वळसा घालून अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद असा बुलढाण्याकडून जाणारा मार्ग पुढं आला. लांबी जवळपास तीस किलोमीटरनं वाढते, पण गावंही जास्त जोडली जातात.

हिवरखेडकर म्हणून मला हा मार्ग हवा आहे. आपला संत्रा, केळी, पानपिंपळी, कापूस यांना इंदूर आणि दिल्लीचा बाजार जवळ येईल. पण लिहिताना धुळघाट विसरता येत नाही. वाघाला जागा मिळावी हे बरोबरच. मात्र ज्या आदिवासींची गाडी गेली, त्यांना बदल्यात बारमाही रस्ता आणि नियमित एस.टी. मिळायला हवी. एकाचं स्टेशन मोठं होताना दुसऱ्याचं स्टेशन पुसलं जात असेल, तर तो खर्च प्रकल्पाच्या रकमेतच धरला पाहिजे. नाहीतर उद्या तोच एक नवा अनुशेष होईल.

दीडशे वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर मला एवढंच दिसतं. पैसा कंपनीचा असो, राजाचा असो की सरकारचा, तो गावात आला तेव्हा मागणारा माणूस आकडे घेऊन उभा होता. कापसाचे व्यापारी गाठी मोजून सांगत होते. होळकरांनी रक्कम ठेवली. आपण मात्र ‘मंजूर’ शब्दावर हार घालतो आणि घरी जातो.

आता आपली ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद आली आहे. निधीची दारं बदलली, योजना बदलल्या. म्हणून यापुढं कोणीही निधीचा आकडा सांगितला, की चार प्रश्न विचारा. प्रशासकीय मान्यता झाली का? जमीन ताब्यात आली का? निविदा निघाली का? आणि यंदाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी प्रत्यक्ष किती रक्कम टाकली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आणि बाकी तिघांचं ‘बघू’ असेल, तर तो निधी अजून बॅनरवरच आहे.

माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. रेल्वेसाठी, रस्त्यासाठी, धुळघाटच्या एस.टी.साठी, कशासाठीही टाका. उत्तर आलं की इथं कमेंटमध्ये टाका, मी त्याची बातमी करतो. जुन्या गाडीची तिकिटं, फोटो, वेळापत्रक कोणाकडं असतील तर तेही पाठवा. गाडी किती लोक वापरत होते हे उद्या सिद्ध करायची वेळ आली, तर आपल्याजवळ कागद असला पाहिजे.