बाण सोडण्याआधीची परीक्षा
अमेरिकेतील हरणांची शिकार : माग, वय आणि नेम

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरिण मारण्याचा मुख्य हंगाम जेमतेम नऊ दिवसांचा असतो. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि पाच लाखांहून अधिक परवानाधारक रानात उतरतात. धनुष्यबाणाचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत रेंगाळतो. ही सवलत उगाच दिलेली नाही. बंदूकधारी शिकारी दोनशे पावलांवरून गोळी घालू शकतो. धनुर्धराला हरिण वीस-तीस पावलांवर येईपर्यंत थांबावे लागते. इतक्या जवळ आलेले जनावर त्याला नीट पाहता येते आणि म्हणूनच दोन प्रश्नांची उत्तरे त्याने बाण सोडण्यापूर्वी दिली पाहिजेत, अशी तेथील शिकाऱ्यांची आणि वन्यजीव खात्यांची अपेक्षा असते. समोरचा नर पुरेशा वयाचा आहे काय? आणि त्याला क्षणार्धात मरण येईल असा नेम साधता येईल काय? या दोहोंपैकी एकाचे जरी उत्तर 'नाही' असले, तरी धनुष्य खाली घ्यायचे. अनुभवी धनुर्धराच्या हंगामातील बहुतेक दिवस असे धनुष्य खाली घेण्यातच जातात.

शिकार म्हटले की कायदा, खटला आणि तुरुंग आठवणाऱ्या भारतीय वाचकाला ही व्यवस्था चमत्कारिक वाटेल. तिचे मूळ अमेरिकेच्या इतिहासात आहे. पांढऱ्या शेपटीचे हरिण, म्हणजे व्हाइट टेल, विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे नामशेष होण्याच्या मार्गावर होते. मांस आणि कातड्यासाठी चाललेल्या बाजारू कत्तलीमुळे त्यांची संख्या तीन ते पाच लाखांवर आली असावी, असा अंदाज सांगितला जातो. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला पायबंद घातला. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनर्वसनासाठी राखून ठेवले. 1972 साली या कराच्या कक्षेत धनुष्यबाणही आणण्यात आले. योगायोग असा, की त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचा उरलासुरला मार्गही बंद झाला. एकाच वर्षी दोन देशांनी जंगल राखण्यासाठी परस्परविरुद्ध वाटा धरल्या. आज अमेरिकेत या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून हद्दपार झाल्याने त्यांना आवर घालणारे फारसे कोणी उरलेले नाही. कोवळी रोपे फस्त झाल्याने जंगलांची नवी पिढी उगवत नाही, पिके जातात आणि रस्त्यांवर वाहनांपुढे हरणे येऊन होणारे अपघात ही विमा कंपन्यांची नित्याची डोकेदुखी आहे. ठरावीक संख्येने हरणे मारली जावीत, ही तेथील सरकारची गरज होऊन बसली आहे. कोणती मारावीत, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो.

रानाची वाचणी

शिकारीच्या कामाला हंगामाच्या कितीतरी आधी सुरुवात होते. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फ वितळू लागले, की जाणते शिकारी गळून पडलेली शिंगे वेचायला निघतात. ज्या नराची शिंगे सापडली, तो निदान बंदुकीच्या हंगामातून जिवंत सुटला होता, एवढे त्यावरून कळते. झाडांना पालवी फुटण्यापूर्वीचे हे दिवस पायवाटा दिसण्यासाठीही उत्तम. हरणे कोठे बसतात, कोठे चरतात आणि या दोहोंमध्ये कोणत्या वाटेने ये-जा करतात, या तीन गोष्टींचा नकाशा डोक्यात तयार झाला, की निम्मे काम झाले असे मानले जाते.

शरद ऋतूत नर स्वतःच खुणा ठेवू लागतात. शिंगांवरचे मखमली आवरण गळल्यावर ते कोवळ्या झाडांच्या बुंध्यांवर शिंगे घासतात. साल सोलवटलेली अशी झाडे दुरूनही दिसतात. मनगटाएवढ्या बुंध्यावर लहान नरही शिंगे घासतो, पण मांडीएवढ्या जाड झाडाची साल निघालेली दिसली, तर तेथे मोठ्या नराचा वावर असण्याची शक्यता वाढते. दुसरी खूण म्हणजे खुरांनी उकरलेली जमीन. तिच्यावर बहुधा एक झुकलेली डहाळी असते. नर त्या डहाळीला तोंड आणि कपाळ घासतो, खालच्या मातीवर मूत्र सोडतो. एकमेकांना न भेटता निरोप ठेवण्याचा हा त्यांचा फलक. तेथे येणारे नर बहुतांशी रात्री येतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवून दिले. त्यामुळे अशा खड्ड्यावर दिवसभर डोळे लावून बसणाऱ्याच्या पदरी सहसा निराशाच पडते.

हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणारे हे कॅमेरे झाडाला बांधण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. मोबाईलवर तत्काळ चित्र पाठवणारे कॅमेरे आल्यावर मात्र ही शिकार की पाळत, असा वाद सुरू झाला. अॅरिझोना राज्याने 2022 पासून शिकारीसाठी अशा कॅमेऱ्यांचा वापर बंदच केला. ज्याला वाऱ्याची दिशा कळत नाही त्याला कॅमेरा फारसा वाचवू शकत नाही, हेही खरेच. हरणाच्या नाकापुढे माणसाचे कोणतेही कपडे वा अत्तरे निष्प्रभ ठरतात. वारा आपल्याकडून हरणाच्या वाटेकडे वाहत असेल, तर त्या दिवशी त्या जागी बसू नये, हा नियम जुना आहे आणि तो अद्याप बदललेला नाही.

शिंगे फसवतात

चितळ आणि सांबर यांच्याप्रमाणे व्हाइट टेलची शिंगे भरीव असतात. ती दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. काळवीट किंवा चिंकाऱ्याची पोकळ शिंगे आयुष्यभर टिकतात. शिंगांची टोके मोजून वय सांगता येते, ही समजूत आपल्याकडे जशी आहे तशीच ती अमेरिकेतही होती. प्रत्यक्षात उत्तम खाद्य मिळालेल्या दीड वर्षाच्या नराला आठ टोके येऊ शकतात, आणि म्हाताऱ्या नराची शिंगे पुन्हा खुरटू लागतात. शिंगे साधारणतः पाच ते सात वर्षांच्या वयात भरात असतात. बहुसंख्य नर तेथवर पोहोचतच नसत. शिंगे दिसली की बाण किंवा गोळी, अशीच रीत होती.

टेक्सासमधील जीवशास्त्रज्ञ अल ब्रदर्स आणि मर्फी रे यांनी 1975 साली लिहिलेल्या पुस्तकातून तरुण नर सोडून द्यावेत आणि त्याऐवजी पुरेशा माद्या माराव्यात, हा विचार पुढे आला. पेनसिल्व्हेनियाने 2002 साली शिंगाच्या एका बाजूस किमान तीन, पश्चिमेकडील काही भागांत चार, टोके असल्याखेरीज नर मारू नये, असा नियम राज्यभर लागू केला. टेक्सासच्या अनेक परगण्यांत टोके न मोजता दोन शिंगांमधील अंतर पाहतात. ते आतून किमान 13 इंच हवे. सावध उभ्या असलेल्या नराच्या दोन्ही कानांच्या टोकांमध्ये जवळपास एवढेच अंतर असते. शिंगे कानांच्या बाहेर गेलेली दिसली, तरच पुढचा विचार. नियम म्हणून ही युक्ती झकास आहे.

वय ओळखायचे ते देहयष्टीवरून, आणि तेही हरिण आडवे उभे असताना. पाडसे मे-जूनमध्ये जन्मत असल्याने शिकारीच्या हंगामात वये दीड, अडीच, साडेतीन अशी मोजली जातात. दीड वर्षाचा नर म्हणजे डोक्यावर शिंगे लावलेली मादीच जणू : मान बारीक, पाय लांब, पोट आत गेलेले. अडीच वर्षांतही पाय शरीराच्या मानाने लांबच भासतात. साडेतीन वर्षांचा नर शर्यतीच्या घोड्यासारखा दिसतो. छाती भरते, माजाच्या दिवसांत मान फुगते, तरी मान आणि खांदा यांमधली रेषा स्पष्ट राहते आणि कंबर आटोपशीर असते. नेमका याच वयाचा देखणा नर नवशिक्याला 'म्हातारा' वाटतो आणि मारला जातो. साडेचार वर्षांपासून मान थेट खांद्यात उतरल्यासारखी दिसते, कंबर छातीच्या पातळीला येते. त्यापुढे पोट लोंबू लागते, पाठीला बाक येतो आणि अंग एवढे भरते की पाय आखूड वाटावेत. मागच्या पायांच्या आतील बाजूस, सांध्यापाशी असलेला गंधग्रंथींचा केसाळ डाग माजाच्या काळात काळाकुट्ट होतो. सप्टेंबरात पाहिलेला सडपातळ नर नोव्हेंबरात ओळखू येणार नाही इतका बदलतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

माद्यांच्या बाबतीत चूक वेगळीच होते. सहा महिन्यांच्या नर पाडसाला शिंगे नसतात, केवळ केसांखाली दोन उंचवटे असतात. त्यामुळे मादी समजून तेच मारले जाते. मादी पाडसाचा माथा कानांमध्ये गोलसर, तर नराचा सपाट असतो. मोकळ्या जागेत एकटेच पुढे येणारे लहान हरिण बहुधा असे नर पाडस असते. लांबट चेहऱ्याची मोठी मादी शेजारी उभी राहीपर्यंत, तुलनेला काही मिळेपर्यंत, थांबणे हाच त्यावरचा उपाय.

पाव सेकंदाचे गणित

अमेरिकेतील आधुनिक धनुर्विद्येच्या शिकारीची परंपरा एका शोकांतिकेपाशी जाऊन पोहोचते. याही जमातीचा अखेरचा वंशज इशी 1911 साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी उपाशी अवस्थेत सापडला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य तयार करायला आणि चालवायला शिकले. इशी 1916 साली क्षयाने वारला. पोप यांचे 'हंटिंग विथ द बो अँड अॅरो' हे पुस्तक 1923 साली निघाले आणि त्यातून हजारोंनी हा छंद उचलला. विस्कॉन्सिनने 1934 साली केवळ धनुष्यबाणासाठी हंगाम खुला केला. मिसुरीच्या हॉलिस विल्बर अॅलन यांना 1969 साली कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाल्यावर चित्र पालटले. दोन टोकांच्या चक्रांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हाती येणारा भार एकदम घटतो. 60 पौंडांचे धनुष्य 12 ते 15 पौंडांच्या भाराने धरून ठेवता येते आणि नेमासाठी उसंत मिळते.

पण उसंत म्हणजे खात्री नव्हे. ताशी नव्हे तर सेकंदाला 270 फूट वेगाने जाणाऱ्या बाणाला 30 यार्ड, म्हणजे सुमारे 27 मीटर, कापायला एक तृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज तेच अंतर एक दशांश सेकंदाच्या आत कापतो. हरणाच्या हाती पाव सेकंद उरतो. दचकलेले हरिण उडी घेण्यासाठी आधी खाली बसते आणि बाण पाठीवरून जातो, किंवा वाईट म्हणजे पाठीत घुसतो. मैदानात 60 यार्डांवर अचूक नेम असलेला धनुर्धर रानात मात्र 30 यार्डांच्या पलीकडे धनुष्य उचलत नाही, त्याचे कारण हे.

म्हणूनच सराव कसा करावा, याबद्दलची शिकवण मोजून शंभर बाण मारण्याविरुद्ध आहे. थकलेले स्नायू चुकीच्या सवयी लावतात. दिवसाचा पहिला बाण, अंग तापलेले नसताना मारलेला, हीच खरी परीक्षा. रानात दुसरा बाण बहुधा मिळत नाही. उन्हाळ्यात टी-शर्ट घालून केलेला सराव नोव्हेंबरच्या जाड जाकिटात फोल ठरतो, कारण दोरी बाहीला घासते. शिकारीचे धारदार पाते लावलेला बाण सरावाच्या टोकासारखाच जातो, हेही गृहीत धरून चालत नाही. झाडावरच्या मचाणातून खाली नेम धरताना हात खाली न झुकवता कमरेतून वाकायचे असते आणि अंतर मोजायचे ते तिरपे नव्हे, जमिनीवरचे. मचाणावरून पडणे हे तेथील शिकाऱ्यांच्या जखमांचे एक प्रमुख कारण आहे. अंगभर पट्टा जमिनीवर असतानाच बांधून झाडाला अडकवल्याखेरीज चढू नये, असे प्रत्येक प्रशिक्षणात बजावतात.

बाणाने मृत्यू येतो तो रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसे छेदली गेली, तर हरिण काही सेकंदांत कोसळते. त्यासाठी ते आडवे किंवा किंचित पाठमोरे हवे. समोरून अथवा थेट मागून बाण सोडणे बहुतेक प्रशिक्षक निषिद्ध मानतात. बाण लागल्यावरही धावत सुटायचे नाही. छातीत लागल्याची खात्री असली, तरी अर्धा तास थांबायचे. पोटात लागला असेल, बाणावर हिरवट घाण दिसली, तर सहा-आठ तास किंवा त्याहून अधिक. लवकर माग काढला, तर जखमी जनावर उठून आणखी दूर जाते आणि सापडतच नाही. या शिकारीविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप नेमका हाच आहे, आणि पात्यांच्या जाहिराती काहीही सांगोत, त्याला निर्णायक उत्तर कोणाकडे नाही.

मारलेल्या हरणाचे वय अखेर जबड्यावरून पडताळले जाते. न्यूयॉर्कचे सी. डब्ल्यू. सेव्हरिंगहाऊस यांनी 1949 साली दातांची झीज आणि दुधाचे दात पडण्याचा क्रम यांवरून वय ठरवण्याची पद्धत मांडली. तीन उंचवट्यांचा तिसरा उपदाढेचा दात अजून तोंडात असेल किंवा नुकताच पडला असेल, तर नर दीड वर्षाचाच. त्यापुढची वये झिजेवरून सांगताना तज्ज्ञही चुकतात. मग प्रयोगशाळेत दाताच्या मुळाचा छेद घेऊन झाडाच्या वर्तुळांसारखे थर मोजतात.

तरुण नर सोडून देण्याच्या या शिस्तीपुढे अलीकडे एका रोगाने पेच उभा केला आहे. मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज 1967 साली कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम लक्षात आला आणि 2002 मध्ये विस्कॉन्सिनच्या रानात आढळला. माणसाला त्याची बाधा झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तथापि बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. हा रोग प्रौढ नरांमध्ये माद्यांपेक्षा अधिक प्रमाणात सापडतो. नर म्हातारे होऊ द्यावेत, तर रोग फैलावण्याची भीती. तरुणपणी मारावेत, तर अनेक वर्षांची शिकवण मोडायची. मिसुरीसारख्या राज्यांनी रोगग्रस्त परगण्यांमधील शिंगांच्या टोकांची अट काढून टाकली आहे. शेजारच्या परगण्यात ती कायम असल्याने हद्दीवरच्या मचाणात बसणाऱ्या शिकाऱ्याला हरिण पाहण्याआधी नकाशा पाहावा लागतो.